उल्लेखनीयता तपासायची कुणी: पान लिहिणाऱ्यानं की काढणाऱ्यानं?

पानराखण: विकिपीडियावर नव्या पानांवर गस्त घालताना रोज तेच दिसतं. दोन ओळींचं पान, संदर्भ एकही नाही. ‘पानकाढा’ साचा (पान काढून टाकावं अशी ठरावीक सूचना) लावला की लगेच विचारणा, "आधी शोधलंत का?" अहो, विषय उल्लेखनीय आहे, म्हणजे इतरांनी त्याची स्वतंत्र दखल घेतली आहे, हे दाखवायचं काम पान उघडणाऱ्याचं! लिहायला पाच मिनिटं लागतात, शहानिशेला तासभर जातो, आणि गस्तीला माणसं मोजकीच.

शोधयात्री: साफ असहमत. डॉना स्ट्रिकलंड आठवा. मे २०१८मध्ये त्यांच्यावरचा इंग्रजी विकिपीडियावरच्या पानाचा मसुदा संदर्भ अपुरे म्हणून परत गेला. २०१३ साली त्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, हे शोधायला कितीसा वेळ लागला असता? ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. उल्लेखनीय असतो तो विषय. पान कच्चं आहे म्हणून विषय हलका ठरत नाही.

पानराखण: मसुदा परत गेला, पुसला नव्हता. दोन स्वतंत्र संदर्भ जोडून पुन्हा पाठवता आला असता. आणि तपासणी ढिली पडली की काय होतं तेही बघा. २००५मध्ये पत्रकार जॉन सीगेनथॉलर यांना केनेडी हत्येशी जोडणारा धादांत खोटा मजकूर त्यांच्या पानावर चार महिने तसाच होता.

शोधयात्री: तो खोटेपणाचा प्रश्न. सीगेनथॉलर उल्लेखनीय होतेच. दोन्हींची गल्लत नको.

नवा सदस्य: मग त्या-त्या विषयाच्या तज्ज्ञांकडेच का सोपवू नये?

जुनी संपादिका: ते करून झालंय. विकिपीडियाच्या आधीच्या न्यूपीडियात तज्ज्ञांची सात टप्प्यांची तपासणी होती. तीन वर्षांत जेमतेम दोन डझन लेख पूर्ण झाले.

जुनी संपादिका (पुढे): मूळ वादात मी शोधयात्रींच्या बाजूनं आहे, आणि त्याला कारण आहे. एका वनस्पतिअभ्यासक बाईंवरचं मी लिहिलेलं पान ‘गुगलवर काही नाही’ एवढ्यावर उडालं. त्यांच्यावरचे दोन मोठे लेख जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांत होते. ग्रंथालयात बसून पानं उलटल्यावर सापडले. आपल्या भाषेतलं किती तरी अजून कागदावरच आहे. म्हणून साचा लावणाऱ्यानं कुठे शोधलं, ही एक ओळ चर्चा पानावर लिहावी. निदान उरलेलं कुठे शोधायचं ते दुसऱ्याला कळेल.

पानराखण: एक ओळ लिहायला माझी ना नाही. उद्यापासून लिहीन. पण ग्रंथालयात जायचं ते लेखकानंच, त्यावर मी ठाम आहे.