अनुभव सांगा: हातात कला होती, दिवस तसे नव्हते

खाडीकाठ
काल नागपंचमीला गणपतीचा पाट (मूर्ती ज्यावर बसते तो) द्यायला शाळेत, म्हणजे गणपती घडवतात तिथे गेलो. आमच्या आजोबांची जुनी चित्रशाळा, कुडाळच्या अलीकडे, आता चुलतभाऊ चालवतो. दारातच ओल्या शाडूचा वास आला आणि आते डोळ्यांसमोर उभी राहिली.

आतेला चौथीतून काढली. कारण विचारू नका, त्या काळी मुलीला शाळेतून काढायला कारण लागत नसे. पाठचे दोघे भाऊ शिकले, ती गुरांमागे. पण हात असा की सारवलेल्या खळ्यात बोटाने मोर काढायची आणि कोंबडी त्याला वळसा घालून जायची (हे बाबा सांगायचे, बाबा थोडं वाढवूनच सांगायचे). आजोबांना मोतीबिंदू झाला त्या वर्षी साठेक मूर्ती रंगून तयार आणि सगळ्यांचे डोळे कोरे. चतुर्थी चार दिवसांवर. आजोबांनी रात्री दार लावून घेतलं आणि तिच्या हातात ब्रश दिला. खारीच्या शेपटीच्या केसांचा. पुढे लग्न होईपर्यंत अकरा वर्षं चित्रशाळेतल्या सगळ्या गणपतींची आखणी, म्हणजे डोळे काढणं, तिने केली. रात्रीची, दार लावून. मूर्ती न्यायला आलेले लोक आजोबांच्या पाया पडायचे. "म्हाताऱ्याक दिसणा नाय, तरी डोळे बघा काय काढल्यान!"

ती माहेरपणाला आली की मी मागे लागायचो. एकदा पाटीवर दाखवलंन. श्वास धरायचा, करंगळी टेकवायची, वरची पापणी एका ओढीत. म्हणाली, पैलो डोळो कोणय काढीत, दुसरो तेच्यासारखो काढूक कसब लागता.

तुमच्याकडे असं कोणी? लिहा. नाव झालेलंच माणूस पाहिजे असं नाही.

रतांबा
कोंबडीला अजून हसतोय. बाकी नंतर लिहितो, भात लावणीला माणूस मिळाला नाही, स्वतःच उतरलोय.

दशावतारी_भाचा
आमचा मामा. आवाज फुटलाच नाही त्याचा. शाळेत काय काय नावं ठेवली असतील ते सोडा. सतराव्या वर्षी दशावताराच्या नाटक कंपनीत गेला तो स्त्रीपार्टी म्हणून. तोच आवाज. द्रौपदी रडायला लागली की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, आज कुठलं आख्यान ते संध्याकाळी ठरतं आणि बोलायचं उभ्या उभ्या. मामा सातवी नापास, पण बोलायला लागला की शास्त्री वाटायचा.

पैसे म्हणाल तर सांगण्यासारखे नाहीत. कार्तिकापासून जत्रा, पावसाळ्यात परत नांगर. रात्रभर नाटक करून पहाटे दहीकाला झाला की घरी येऊन म्हशीचं दूध काढायचा. कानामागे रंग तसाच. आजी म्हणायची, रंग नसला तर म्हैस लाथ मारते.

तिसऱ्या
@दशावतारी_भाचा मामांचं लग्न झालं का? सहज विचारते.

दशावतारी_भाचा
झालं. तीन ठिकाणी नकार आल्यावर. मामी म्हणते तिने जत्रेत बघूनच पसंत केला होता. साडी आपल्यापेक्षा चांगली नेसतो म्हणून.

मुक्काम_पोस्ट_मुंबई
असा हात, असा आवाज दिसला की लोक 'देवाने दिलं' म्हणतात, मला तो प्रकार पटत नाही, आधीच सांगतो. दिलं तर वापरायला वेळ पण द्यायचा होता.

बाबा लालबागला गिरणीत. गावकऱ्यांची खोली, पाळ्यांवर झोपायचं, जेवण खानावळीत. शनिवारी भजन. बाबांचा पखवाज म्हणजे डबलबारीला (दोन भजनी बुवांचा सामना) दोन्हीकडचे बुवा त्यांनाच मागायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, वर्षभर वाट बघितली आणि पखवाज खांद्याला लावून गावी आले. मी तेव्हा सहा वर्षांचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, नाहीतर घुमारा येत नाही. आमच्याकडे गहू फक्त रेशनचे. त्यातली मूठभर पीठ बाबा घ्यायचे आणि आई चुलीपाशी बसून ऐकवायची, "पोरांका चपाती नाय आणि तुमच्या मृदंगाक गोळो!" भजन संपलं की बाबा तीच कणीक खरवडून गाईला घालायचे. आम्ही गाईकडे बघत बसायचो.

गावात वीसेक पोरांना शिकवलंन, एक पैसा घेतला नाही. आई शेवटपर्यंत त्यावरून भांडली, आणि मला विचाराल तर आईचं बरोबर होतं.

चेडवा
आई गं. गाईकडे बघत बसायचो.

वाशिष्ठीकाठची
घाईत लिहितेय, पोळ्या व्हायच्यात. चिपळूण. माझी जाऊ नुसतं बघून ब्लाऊज बेतते, टेप गळ्यात असते ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजला पूर्ण गेला. दोन मशीन, लोकांची कापडं, सगळं चिखलात. गिऱ्हाइकं नुकसानभरपाई मागायला आली, तीही आमच्यासारखीच बुडालेली. मोटारचं मशीन गेलं. सासूबाईंचं पायाचं मशीन तिने रॉकेलने धुतलं, सुई-दोरा बदलला आणि पहिलं काय शिवलं असेल? लोटिस्मातली (लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर) भिजलेली पुस्तकं बघून आली होती, १८६४ सालचं वाचनालय आमचं, तर घरी येऊन पोरांच्या दप्तरांना प्लॅस्टिकचं अस्तर शिवत बसली. पुढच्या पावसाची तयारी म्हणे.

हापूसच_फक्त
@खाडीकाठ शाळेत अजून ऑर्डर घेतात का? शाडूची दीड फुटी. यंदा दर काय?

खाडीकाठ
घेतायत, पण पाट लवकर पोचवा. दर त्यालाच विचारा, मी सांगितला तर भाऊ मला घरात घ्यायचा नाही.

तिसऱ्या
पीओपी हलकी पडते हो उचलायला. आमच्याकडे विसर्जनाला खाडीपर्यंत पाऊण तास चालत जावं लागतं.

हापूसच_फक्त
मग लहान आणा. देव काय फुटाने मोजतात?

तिसऱ्या
दीड फुटी तुम्हीच मागितलीत ना आत्ता.

सूर_काळी_चार
आमच्या वाडीत पेटी दुरुस्त करणारे एक काका होते, जन्मापासून दृष्टी नाही. सूर उतरलेला असेल तर अख्खी पेटी उघडत नसत. एकेक पट्टी दाबून ऐकायचे, नेमका सूर बाहेर काढायचे आणि पितळेची जीभ पात्याने हलकी खरवडायचे. टोकाला खरवडलं तर सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो. हे मला त्यांनी माझं बोट धरून शिकवलं.

कोणीतरी त्यांना म्हणालं, देवान एक घेतल्यान, दुसरा दिल्यान. म्हातारा असा भडकला! "घेतल्यान ता खरा. दिल्यान म्हणतास, तर बारा वर्सां मी बोटां सोलून घेतलंय ती खय गेली?" आणि त्या माणसाकडून दुरुस्तीचे दुप्पट घेतले.

मुक्काम_पोस्ट_मुंबई
काकांना माझा दंडवत. दुप्पट घेतले हे सगळ्यात आवडलं.

चेडवा
पिंगुळीचे परशुराम गंगावणे कोणीच कसे आठवले नाहीत? चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. ही कला करणाऱ्या ठाकर समाजाला विचारत कोण होतं, त्यांनी गोठ्याचंच संग्रहालय केलं. २०२१ ची पद्मश्री. मी लहानपणी बाहुल्या बघून घाबरून रडले होते, ते वेगळं.

रतांबा
आलो. पाठ गेली कामातून. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच की मला चित्रकलेत जिल्ह्यात दुसरं बक्षीस होतं आणि आता मी कलमांना पेटीवर नाव लिहितो, 'देवगड हापूस, ५ डझन'. बायको म्हणते अक्षर बघून गिऱ्हाईक येतं. खोटं बोलते, पण बरं वाटतं.

हापूसच_फक्त
कलमांना की पेट्यांवर?

रतांबा
पेट्यांवर रे. चिखलाच्या हाताने टाईप करतोय.

खाडीकाठ
सगळं वाचलं. @मुक्काम_पोस्ट_मुंबई तुमच्या आईबद्दल वाचून गप्प झालो, कारण आतेच्या बाजूने आमच्या घरात कोणी भांडलंच नाही. मीही नाही.

आत्ता तिला फोन केला. एक्याऐंशी पूर्ण, गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हटलं, तुझ्याबद्दल लिहिलं, लोकांनी वाचलं. तर म्हणते, "बाबांचा नाव खराब नाय केलंस मा?" मग थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलंन, भाऊ हल्ली आधी उजवो डोळो काढता की डावो? मला माहीत नव्हतं. कोणाला ठाऊक आहे का, शाळांमधून हल्ली कुठला आधी काढतात?

सूर_काळी_चार
आमच्याकडे उजवा. पण विचारा भावालाच, आणि यंदा एक मूर्ती आतेकडून करून घ्या.

खाडीकाठ
ते तिनेच आधी सांगितलं. आपल्या घरच्या गणपतीचे डोळे कोरे ठेव म्हणून. मंगळवारी आणायला जातोय तिला. कणकवलीच्या पुढे रस्ता कसा आहे सध्या?

रतांबा
रस्ता? रेल्वेने जा.