थोडक्यात वाचलो! हे नुसतं नशीब असतं का? बाईकवाल्यांनो, अनुभव सांगा

रात्रप्रवासी

नमस्कार मंडळी. परवा संध्याकाळची गोष्ट, डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे लिहितोय. सरळ रस्ता, रहदारी बेताची, मी ६० च्या आसपास असेन आणि समोरून येणारी एक कार अचानक माझ्या आडवी वळली. इंडिकेटर नाही, स्लो होणं नाही, काही नाही. पुढचं मला सलग आठवत नाही. ब्रेक दाबला हे आठवतंय, टायरचा आवाज आठवतोय आणि मग एकदम मी कारच्या मागच्या बाजूने निघून पुढे गेलेलो, गाडी सरळ, मी सीटवर, अंगावर साधा ओरखडा नाही. कारवाला उतरून धावत आला, चेहरा पांढराफटक, म्हणाला अहो तुम्ही मला दिसलाच नाहीत हो. आणि मला वाटतं तो खरं बोलत होता.

घरी सगळे म्हणतात काळ आला होता पण वेळ आली नव्हती. असेल. पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाहीये. तुमच्यापैकी जे असे वाचलेत त्यांना विचारायचंय की ते निव्वळ नशीब होतं का आपण काहीतरी बरोबर केलं होतं हे कसं ओळखायचं, आणि त्यानंतर तुम्ही गाडी चालवण्यात नेमकं काय बदललं? आणखी एक, आता समोर वळायला थांबलेली कुठलीही गाडी दिसली की माझे हात आपोआप आवळतात. हे जातं का?

जुनाकार्ब्युरेटर

मित्रा, आधी सुखरूप आहेस हे वाचून बरं वाटलं. आता जरा सविस्तर लिहितो कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तुझ्याबरोबर झालं तो बाईकच्या अपघाताचा अगदी ठरलेला प्रकार आहे. अमेरिकेत १९८१ साली हर्ट रिपोर्ट म्हणून एक अहवाल आला होता, लॉस एंजेलिस भागातल्या ९०० च्या वर बाईक अपघातांची त्या लोकांनी जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यात बाईक आणि दुसरं वाहन असे जे अपघात होते त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनाने बाईकवाल्याचा रस्ता अडवला होता, आणि बहुतेक ड्रायव्हर हेच म्हणाले की बाईक दिसली नाही किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यामुळे तुझा कारवाला खरंच बोलत असणार. माणसाचा डोळा समोरून येणाऱ्या बारीक वस्तूचा वेग आणि अंतर नीट धरत नाही, लहान दिसतंय म्हणजे लांब आहे असं मेंदू परस्पर ठरवून मोकळा होतो. त्यात कारच्या काचेशेजारचा खांब मध्ये आला तर अख्खी बाईक त्याच्यामागे लपते.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. धोका सुरू झाल्यापासून धडक होईपर्यंत बाईकवाल्याच्या हातात साधारण २ सेकंदसुद्धा नसतात. ६० च्या वेगाने तू एका सेकंदात १६-१७ मीटर जातोस, आता हिशोब कर. एवढ्या वेळात विचार करून काही करता येत नाही, जे हाताला सवयीने येतं तेच होतं. म्हणून तुला आठवत नाहीये. आठवायला डोक्यात काही ठरलंच नव्हतं, हातांनी परस्पर केलं.

एकच विचारतो, त्या क्षणी तू कशाकडे बघत होतास? कारच्या दाराकडे की मागच्या मोकळ्या जागेकडे? बाईक नजर जाते तिकडे जाते. घाबरलेला माणूस ज्याची भीती वाटते त्याच्यावरच डोळे खिळवतो आणि मग थेट त्यावर जाऊन आदळतो, बाजूला ट्रक जाईल एवढी जागा असली तरी. तू मागून निघालास म्हणजे तुझी नजर तिकडे गेली असणार असं मला वाटतं. ते नशीब नाही. मागे जागा शिल्लक होती, तेवढं मात्र नशीब, कारण कारच्या मागोमाग दुसरी गाडी असती तर हीच नजर आणि हेच हात कामाला आले नसते.

आणि वेग. सगळ्यात मोठी गोष्ट वेग आहे. कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेक मारला तरी ६० ला थांबायला साधारण २० मीटर लागतात आणि ८० ला ३५ मीटर, हात हलायच्या आधीचा वेळ यात धरलेलाच नाही. याचा अर्थ असा की ६०वाला जिथे थांबून उभा असतो तिथे ८०वाला अजून ५० च्या वर असतो. तू ८० ला असतास तर हा धागा निघाला नसता रे.

दोनचाकी

जुनाकार्ब्युरेटर यांनी छान लिहिलंय, मी माझा अनुभव सांगते, तो थोडा वेगळा आहे.

पाऊस नुकताच सुरू झाला होता, पहिलाच. पहिल्या सरीत रस्ता सगळ्यात निसरडा असतो कारण आधीचं साचलेलं ऑइल आणि धूळ पाण्यावर तरंगते, जोरात पडून गेला की धुऊन निघतं. तर वळणावर कुठल्यातरी गाडीचं डिझेल सांडलेलं होतं, वरून पाऊस, मला काही कळायच्या आत पुढचं चाक गेलं आणि मी गाडीसकट आडवी. घसरत रस्त्याच्या बरोब्बर मध्ये. माझ्या मागे ट्रक होता. तो थांबला. माझ्यापासून बऱ्यापैकी लांब, आरामात थांबला.

सगळे म्हणाले तुझं नशीब. मी त्या ट्रकवाल्याचा विचार करते. तो पावसात माझ्यामागे पुरेसं अंतर ठेवून चालवत होता म्हणून मी आहे. कितीतरी वेळ तो तसाच चालवत असेल, मागच्यांचे हॉर्न खात, आणि त्याचा कुणाला कधी काही उपयोग झालेला दिसला नसेल. त्या दिवशी झाला. त्याने खाली उतरून माझी बाईक उचलून कडेला लावली, मला बसवलं आणि निघून गेला, मी धन्यवाद नीट म्हटले का तेही आठवत नाही. आपण ज्याला आपलं नशीब म्हणतो ते बऱ्याचदा दुसऱ्या कोणाची तरी चांगली सवय असते असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. त्यामुळे माझ्यात बदल काय झाला म्हणाल तर पुढच्या बाईकपासून मी आता दुप्पट अंतर ठेवते. तिच्यासाठी.

रात्रप्रवासी, तुमच्या हात आवळण्याबद्दल: माझं बरेच महिने चाललं, ओलं वळण दिसलं की अंग लाकडासारखं. हळूहळू गेलं. गाडी बंद ठेवून नाही गेलं, चालवूनच गेलं.

इमर्जन्सीवाला

मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी. दोनचाकी, तुम्हाला "बसवलं" म्हणालात ते वाचून काळजी वाटली. पडल्यावर लगेच उठू नका. पडल्या पडल्या शरीरात अॅड्रेनालिन एवढं असतं की मोडलेलं हाडसुद्धा दुखत नाही, माणूस उठतो, मला काही झालं नाही म्हणतो, बाईक उचलायला जातो. आधी पडल्या जागी बोटं हलवून बघा, मान दुखतेय का बघा. रहदारीत पडला असाल तर बाजूला व्हावंच लागेल, पण जमेल तितकं सावकाश. दुसरा कोणी पडला असेल आणि श्वास नीट चालू असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असेल तर ते महागात पडतं. आणि नंतर पोटात दुखणं वाढत गेलं, उलट्या झाल्या, झोप झोप वाटली, बोलण्यात गोंधळ झाला तर वाट न बघता हॉस्पिटल. बाहेरून एक थेंब रक्त न आलेली माणसं आतल्या रक्तस्रावाने काही तासांनी कोसळतात. "काही नाही झालं, वाचलो" हे वाक्य मला कामावर सगळ्यात जास्त घाबरवतं.

हेल्मेटबद्दल. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून निघालेला आकडा असा आहे की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा साधारण ६९ टक्के कमी होतो. पण हेल्मेट एकाच धक्क्यापुरतं असतं. आतला थर्माकोलसारखा थर धक्का खाऊन दबतो, तोच त्याचा उपयोग, आणि एकदा दबला की परत फुगत नाही. बाहेरून चकचकीत दिसलं तरी डोकं आपटलेलं हेल्मेट बदला.

यामागे एक गोष्ट आहे जी मला नेहमी आठवते. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये बाईकवरून पडला, सायकलवरच्या मुलांना चुकवताना. हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी नंतर सैन्यातल्या बाईकस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात ड्युटीवरच्या बाईकस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. आज आपल्यापैकी कोणी हेल्मेटमुळे वाचला तर त्याच्या नशिबात त्या एका मृत्यूचा वाटा आहे.

ट्रॅकवेडा

नशिबाचा विषय निघालाय तर २०२० ची ऑस्ट्रियाची मोटोजीपी, म्हणजे बाईकची जागतिक रेस, आठवली. १६ ऑगस्टला झार्को आणि मॉर्बिडेली हे दोन रेसर एकमेकांना धडकले, प्रचंड वेगात, दोघंही पडले आणि त्यांच्या रिकाम्या बाईक्स उडत, घसरत पुढच्या वळणावर पोचल्या जिथे रॉसी आणि व्हिन्यालेस हे दुसरे दोन रेसर वळत होते. त्या दोघांना हातभर अंतराने चुकवून गेल्या. व्हिडिओ बघताना आजही पोटात गोळा येतो. पडलेले दोघंही वाचले.

आणि हे ऐका, पुढच्याच आठवड्यात त्याच ट्रॅकवर व्हिन्यालेसचे ब्रेक गेले. २०० च्या वर वेग, समोर भिंत. त्याने चालत्या बाईकवरून मागे उडी टाकली. बाईक एअरफेन्समध्ये (कडेला लावलेल्या हवेच्या गाद्यांमध्ये) घुसून पेटली आणि हा लोळत लोळत थांबला आणि उठून चालायला लागला!

माझा मुद्दा असा की पहिल्या प्रसंगात नशिबाशिवाय दुसरं काही नव्हतं, रॉसी जगातला सर्वात अनुभवी माणूस असून त्याला काहीही करता आलं नसतं, त्याला ते येताना दिसलंच नव्हतं. पण सगळे वाचले म्हणून आयोजक नुसते सुस्कारे टाकून बसले नाहीत, आठवड्याभरात त्या वळणावर जास्तीचं कुंपण उभं राहिलं आणि २०२२ मध्ये तिथे वेग कमी करायला नवीन वळण घातलं. कोणी मेला नाही तरी! मला हे फार ग्रेट वाटतं. आणि दुसऱ्या प्रसंगात मात्र नशिबाबरोबर त्या माणसाचा निर्णय होता, बाईक सोडून द्यायचा, तोही क्षणात.

साधारोड

सगळं पटलं, एकच सांगतो. इथे जे लिहितायत ते सगळे वाचलेले आहेत. ज्यांनी तेच सगळं बरोबर केलं आणि तरी गेले ते लिहायला येणार नाहीत. म्हणून "मी असं केलं म्हणून वाचलो" यावर शंभर टक्के विश्वास ठेवू नका कोणी. माझा एक जवळचा मित्र असाच गेला, सावकाश चालवणारा, हेल्मेट घातलेला.

रात्रप्रवासी

साधारोड, मित्राबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. तुमचं म्हणणं डोक्यात ठेवतो.

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनाकार्ब्युरेटर, तुमचा प्रश्न वाचल्यावर डोळे मिटून बसलो आणि एक आठवलं, कारच्या मागे रस्त्यावरची पांढरी पट्टी दिसत होती, ती मला स्पष्ट दिसतेय अजून. म्हणजे बहुतेक तिकडेच बघत होतो. हे कळल्यावर काय वाटलं सांगता येत नाही, पण काल रात्री झोप लागली. आता हातांचं काय करू तेवढं सांगा.

जुनाकार्ब्युरेटर

हां, मग झालं तर! आता हातांचं. हात आवळले की बाईक वळत नाही, हँडल जखडून जातं आणि नेमकं वळायची वेळ येते तेव्हाच घात होतो. त्यामुळे ताण गुडघ्यांत घे, टाकी गुडघ्यांनी घट्ट धर आणि कोपरं सैल सोड, दोन्ही एका वेळी आवळणं अवघड असतं.

वळायला थांबलेली गाडी दिसली की ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, तो तुझ्याकडे बघत असूनही निघू शकतो. तिच्या पुढच्या चाकाकडे लक्ष ठेव, गाडी हलतेय हे तिथे सगळ्यात आधी दिसतं. दोन बोटं ब्रेकवर आधीच ठेव, थ्रॉटल किंचित कमी कर, आणि लेनमध्ये जरासा डावी-उजवीकडे सरक, सरळ रेषेत येणारा दिवा जागेवर उभा वाटतो पण बाजूला हलणारा दिवा लगेच नजरेत भरतो. आणि कुठे निसटायचं ती जागा आधीच बघून ठेव.

मग एखाद्या सकाळी मोकळं कोरडं मैदान गाठ आणि नुसते ब्रेक मार. ३० पासून सुरुवात, मग ४०, मग ५०. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून धरायचे, लिव्हर थरथरलं तरी सोडायचं नाही, ते थरथरणं म्हणजे एबीएस त्याचं काम करतंय. एबीएस नसेल तर पुढचा ब्रेक झटक्यात नाही, आधी हलका, बाईकचं वजन पुढे आलं की मग जोर वाढवत न्यायचा, चाक लॉक झालंय असं वाटलं की क्षणभर सोडून परत. हात सैल राहिले तरच हे जमतं, म्हणून हातांची प्रॅक्टिस यातच होते. कसं झालं ते इथे लिही.