शब्दचर्चा : सिरॅमिकचा 'तंतू' की 'धागा', आणि तो 'लवचिक' कसा?

प्रश्न (जळगाव) : आमच्या कारखान्यातील भट्टीच्या अस्तराविषयी कामगारांसाठी मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. अस्तर पांढऱ्या सिरॅमिक ब्लँकेटचे असून त्याचे वर्णन मी 'कापसासारखे मऊ, लवचिक सिरॅमिक धागे' असे केले. धाग्याला पीळ हवा आणि लवचिक तर रबर असते, अशा दोन हरकती एका सहकाऱ्याने घेतल्या. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (भुसावळ) : ताई, आपल्या खानदेशात जिनिंगवर 'लांब धाग्याचा कापूस' म्हणतात, तेव्हा धागा म्हणजे सुटा तंतूच असतो, त्यामुळे आपला शब्द इथल्या कामगाराला खटकणार नाही. तरीही याच सिरॅमिकचे पुढे सूत, दोर आणि कापडही होत असल्यामुळे सुट्यासाठी 'तंतू' आणि पिळलेल्यासाठी 'धागा' हा भेद पाळावा.

'लवचिक' मात्र ठेवाच. या शब्दाचे नाते 'लवणे', म्हणजे वाकणे, याच्याशी आहे. ताणून पूर्ववत होण्यासाठी 'स्थितिस्थापक' हा वेगळा शब्द आहे. सिरॅमिकचा तंतू ताणला जात नाही, तो लवतो, आणि लवतो तो केवळ बारीकपणामुळे. ३ मायक्रॉन जाडीचा तंतू २ मिलिमीटर जाडीच्या तारेभोवती गुंडाळला, तर त्याची बाहेरची बाजू जेमतेम ०.१५ टक्के ताणली जाते. त्याच पदार्थाच्या ३ मिलिमीटर जाड कांडीला एवढाच ताण एक मीटर त्रिज्येच्या वळणावर बसतो.

उत्तर (धुळे) : माहितीपत्रकात निर्मितीही येणार असेल, तर 'कातणे' हे क्रियापद टाळावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नेहमीच्या ब्लँकेटसाठी ॲल्युमिना आणि सिलिका विजेच्या भट्टीत वितळवून त्या रसाची बारीक धार वेगाने फिरणाऱ्या चाकांवर सोडतात किंवा हवेच्या झोताने उडवतात. सारंगखेड्याच्या यात्रेत 'म्हातारीचे केस' होताना ज्याने पाहिले आहेत, त्याला हे एका वाक्यात समजेल.

जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनाच्या तंतूंना ही रीत चालत नाही, कारण ॲल्युमिना २००० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो आणि त्याचा रस इतका पातळ असतो की धारेचे थेंब होतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या द्रावणात थोडी सिलिका आणि पॉलिमर घालून ते आटवतात, त्याचे तंतू काढतात आणि मग ते १००० अंशांच्या वर भाजतात. द्रावण किती आटवायचे, यासाठी आपल्या स्वयंपाकघरातला 'तार येणे' हा प्रयोग नेमका बसतो : एकतारी पाक बोटांत धरून ओढला की जी तार न तुटता लांबते, तोच गुण इथे हवा असतो.

उत्तर (भुसावळ) : एक राहिले, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 'कापसासारखे मऊ' हे शब्द काढून टाकावेत. ते वाचून माणूस उघड्या हातांनी ब्लँकेट फाडेल, आणि हे सूक्ष्म तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये हे तंतू '२ब', म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले आहेत.

प्रश्नकर्ती : आपणा दोघांची मी ऋणी आहे. वाक्य आता असे केले आहे : 'हे अस्तर लवचिक सिरॅमिक तंतूंचे आहे, मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय ते कापू किंवा फाडू नये.'