अनुभव धागा : हौसेच्या द्राक्षवेलींना फवारणी पंप कोणता?

विदर्भात द्राक्ष म्हटलं की नाशिक-सांगलीचंच नाव निघतं. तरी संत्र्याच्या बागेच्या कडेला, विहिरीजवळ हौसेनं पाच-पंचवीस वेल जपणारे आपल्यात आहेत. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर (पंख्याच्या हवेनं औषध उडवणारं यंत्र) आपल्या कामाचा नाही. मग तुम्ही काय वापरता? नोझल कोणतं, मंडपाखाली मारता कसं? स्वतःच्या अनुभवाचं लिहा.

काटोल
वीस वेल, सहा फुटांवर मंडप. १६ लिटरचा बॅटरी पंप पुरून उरतो. नोझल मात्र होलो कोनच (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं) हवं, बुरशीनाशकाला बारीक थेंब लागतात. केवडा रोगाची पांढरी बुरशी पानाच्या पाठीवर येते, म्हणून खालून वर मारल्याशिवाय उपयोग नाही. आधी नुसत्या पाण्यानं सगळे वेल फवारून किती लिटर लागतं ते मोजलं. आता तेवढंच द्रावण करतो, उरत नाही. फवारल्यावर पान उलटून बघा. बारीक थेंब दिसले की झालं, टोकावरून ठिबकायला लागलं म्हणजे औषध वाया चाललं.

हिंगणघाट
तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाची खूण करा. टू-फोर-डी या तणनाशकाचा पंप पऱ्हाटीवर (कपाशीवर) वापरला तर पानं भेंडीसारखी होतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. द्राक्षही तसंच नाजूक. रबरी वॉशरात, नळीत औषध मुरून बसतं, साध्या पाण्यानं निघत नाही. शेजारच्या वावरातून वाऱ्यानं आलं तरी कोवळी पानं आकसतात. शेजाऱ्याला मी आधीच सांगून ठेवलंय, वारा आमच्याकडं असला की तो त्या धुऱ्याला तणनाशक मारत नाही.

यवतमाळ जिल्हा
पंपाआधी अंगावर काय घालता ते सांगा. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, औषधाचा धुरळा सरळ नाकातोंडात. मंडपाखाली तर आपण स्वतःच डोक्यावर फवारतो! म्हणून मी लांब लान्स (फवारणीची दांडी) घेतला, टोकाला वाकवलेला. मंडपाच्या बाहेर उभं राहून, वाऱ्याकडं पाठ करून जेवढं पोचतं तेवढं आधी उरकतो. चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, डोक्याला टोपी. कोणी म्हणेल चार वेलांसाठी एवढं कशाला. विषाला वेल मोजता येत नाहीत. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, जुन्या दातब्रशनं साफ करा.

अचलपूर
पावसाळ्यात मी १ टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) मारतो. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवायचं, चुना गाळून घ्यायचा, मग ढवळत ढवळत मोरचुदाचं पाणी चुन्यात सोडायचं. घासून चकचकीत केलेलं लोखंडी पातं क्षणभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याची निवळी घाला. पंपात भरताना जुन्या धोतराची दुहेरी घडी धरा, नाहीतर कणी नोझलमध्ये अडकलीच समजा. केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

मूर्तिजापूर
पाच-सहाच वेल असतील तर दोन लिटरचा हातानं हवा भरायचा पंपही चालतो. भुरीसाठी (पानावर पांढरी भुकटी धरणारा रोग) गंधक मारत असाल तर सकाळी लवकर मारा. पारा ३५च्या वर गेला की गंधकानं पानं करपतात, म्हणून उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरच्या उन्हात मी ते बंदच ठेवतो.