मदत हवी आहे: पायाखाली ‘धप्प’ झालं, त्याच उतारावर परत जायचं का?

बर्फातल्या ट्रेकचा पाच-सहा वर्षांचा अनुभव आहे, हिमस्खलनाचं प्राथमिक प्रशिक्षणही घेतलंय. तरी गेल्या आठवड्यापासून नीट झोप नाही, म्हणून विचारते.

आम्ही पाच जण खिंडीखालच्या जवळजवळ सपाट पठारावरून चाललो होतो. अचानक पायाखालून ‘धप्प’ असा खोल आवाज आला आणि आजूबाजूचा सगळा बर्फ जरासा खाली बसला. पुढच्याच्या बुटापासून एक भेग सरळ वर गेली. आमच्यातला सगळ्यात अनुभवी मित्र म्हणाला, “सपाटीवर आहोत, चला.” पुढचा उतार आम्ही एकेक करून पार केला. घरी येऊन नकाशावर मोजला तर ३५ अंश भरला. काही झालं नाही, आणि ‘काही झालं नाही’ याच भरवशावर दोन आठवड्यांनी परत तोच उतार ठरलाय.

यंदा सुरुवातीला बर्फ गुडघ्याच्याही खाली होता. नंतर बरेच दिवस कोरडे, रात्री निरभ्र आणि कडाक्याच्या. मग तीन दिवसांत मोठा हिमवर्षाव, सोबत जोराचा वारा. परतताना मी खड्डा खणला. तळाशी साखरेसारखे सुटे कण, मुठीत दाबले तरी गोळा होईना; वर ६० सेंमीचा घट्ट थर. असे कण का होतात ते कळतं: जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वरची हवा कितीतरी थंड, मधे बर्फ पातळ. वाफ खालून वर सरकत राहते आणि कण एकमेकांना धरेनासे होतात.

माझं अडतंय ते पुढे. दोन आठवड्यांत हा थर जुळून येतो का? चाचणी चांगली आली तर जावं का? पुढच्या आठवड्यात त्या उंचीवर पावसाचा अंदाज आहे, भर हिवाळ्यात. त्याने बर्फ बसेल की सुटेल? आणि मित्राला काय सांगू? तो म्हणतो, हिमस्खलनाचा धोका पाचपैकी ३ आहे, म्हणजे मधला, शिवाय बीकन (गाडलेल्याला शोधायचं संदेश-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं सगळ्यांकडे आहे.

प्रतिसाद

ताई, तो आवाज म्हणजे खालचा कच्चा थर मोडल्याचा. यापेक्षा स्पष्ट इशारा बर्फ देत नाही. सपाटीवर मोडलेला थर दूरच्या उताराखालीही मोडत जाऊ शकतो, म्हणून पठारावर उभं राहूनही वरचा उतार अंगावर येतो. घट्ट थराची बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावरच सुटतात, आणि तुमचा ३५ बरोबर त्यात बसतो.

तळातले साखरकण दोन आठवड्यांत जुळतील यावर विसंबू नका. कधीकधी ते महिनोन् महिने तसेच राहतात. बर्फातून कापलेल्या ९० सेंमी रुंद खांबाची चाचणी जरूर करा: खांबाच्या एका टोकावर फावडं ठेवून त्यावर मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा. भेग खांबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली, तर मागे फिरा. धावली नाही, तर मात्र तो परवाना समजू नका. वाऱ्याने थर कुठे जाड, कुठे पातळ केलेला असतो. दहा पावलांवर उत्तर बदलतं.

कोरड्या बर्फावर पाऊस पडला की वजन लगेच वाढतं, बळ वाढत नाही. पाऊस चालू असताना आणि लगेच नंतर तिथे नकोच. पुढे गोठला तरी वरचं कवच कडक होईल, तळाचे कण बहुधा तसेच राहतील.

आणि ३ म्हणजे ‘मधला’ नव्हे. त्या पातळीला एकट्या माणसाच्या वजनानेही तीव्र उतार सुटू शकतो. बीकन उपयोगी पडतो तो माणूस गाडला गेल्यावर. जगण्याची खरी आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते आणि तेवढ्यात शोधून खणून काढणं उरलेल्यांना फार जड जातं. शिवाय खडकावर आपटून झालेल्या इजेवर बीकनचा इलाज नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. मित्राला आजच फोन केला. भेग वर जाताना त्यानेही पाहिली होती, पण सगळे चालत राहिले म्हणून तो बोलला नाही. मीही बोलले नव्हते. आता दुसरी वाट शोधतोय: सगळीकडे ३० अंशांच्या आत, वर कुठलाही मोठा उतार नाही, खाली घळ नाही. नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या रेषा) लपलेले छोटे कडे निसटतात असं ऐकलंय. ते जागेवर, उतारावर पाय न ठेवता कसे मोजता तुम्ही?