अंतराळयानांची भांडणं गणिताने मिटतात का?

विश्रामबागचा मास्तर

सांगलीत बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. परवा क्लास सुटल्यावर जिन्यातच दोघांची जुंपली: 'स्टार वॉर्स'मधलं स्टार डिस्ट्रॉयर भारी की 'स्टार ट्रेक'मधलं एंटरप्राइझ? प्रकरण हमरीतुमरीवर आलं, तेव्हा दोघांना परत वर्गात घेतलं आणि फळ्यापुढे उभं केलं.

'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) या सिनेमात स्टार डिस्ट्रॉयर वाटेतले लघुग्रह तोफांनी उडवत जातं. आम्ही २० मीटर व्यासाचा लोखंडी गोळा धरला. वजन साधारण ३३ हजार टन. लोखंड वितळवून, उकळवून त्याची पार वाफ करायची तर किलोला अंदाजे ८० लाख ज्यूल लागतात. एकूण सुमारे २६० लाख कोटी ज्यूल. मुलं नुसती बघत राहिली, एवढ्या शून्यांनी काही कळत नाही. मग कोयना घेतली. सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॉट. कोयना पूर्ण ताकदीने जवळपास ३७ तास चालवली तर तेवढी ऊर्जा होते, आणि ती एका फटक्यात!

माझं स्पष्ट मत आहे की असे वाद आकडेमोडीनेच सुटावेत. 'मला आवडतं म्हणून भारी' यावर पुढे बोलताच येत नाही. आकडा मांडला की तो खोडता येतो, सुधारता येतो. मुलांना हे लहानपणीच कळलं पाहिजे.

कृष्णाकाठची

सर, मुलांना फळ्याशी नेलंत हे फार आवडलं, पण निवाडा मान्य नाही. ज्या आकड्यांवर तुम्ही गणित उभं करता, ते लिहिणाऱ्याने त्या दिवशीच्या गोष्टीला लागतील तसे घेतलेले असतात. 'स्टार ट्रेक'चंच बघा. १९८७ च्या मालिकेत एंटरप्राइझ २७ लाख प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं आणि परतायला ३०० हून अधिक वर्षं लागतील असं सांगतात. म्हणजे वर्षाला जवळजवळ ९००० प्रकाशवर्षं. पुढे १९९५ मध्ये त्याच जगातली 'व्हॉयेजर' ही मालिका आली. तिच्यातलं यान नवं, जास्त वेगवान. त्याला ७० हजार प्रकाशवर्षांसाठी ७५ वर्षं, म्हणजे वर्षाला हजारसुद्धा नाहीत! पहिल्या गोष्टीत आपण किती दूर आलो याची धडकी भरवायची होती. दुसरीत माणसं म्हातारी होईपर्यंत प्रवास चालेल, हे दुःख हवं होतं. दोन्ही आकडे आपापलं काम चोख करतात. त्यांना एका तराजूत टाकून काय मिळणार?

कुपवाडचा फिटर

सर, राग मानू नका, पण तुमच्या गणितात एक गोष्ट गृहीत धरलीय, तिनेच सगळा निकाल लावलाय. वाफ कशाला? माझे मामा खडीच्या खाणीवर होते. सुरुंग लावला की दगड फुटतो, वितळत नाही. टनाला पाव ते अर्धा किलो स्फोटकात काम होतं. त्या हिशोबाने तुमचा ३३ हजार टनांचा गोळा, दगडाचा धरून, नुसता फोडायचा तर कोयनेचं जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ३७ तास कुठं आणि अर्धं मिनिट कुठं! चाहते भांडतात ते या फरकावरच. ज्याला यान मोठं करायचंय तो वाफ धरतो, ज्याला लहान करायचंय तो खडी धरतो.

विश्रामबागचा मास्तर

फिटरसाहेब, बरोबर. मी वाफ धरली ते सांगितलं, पण का धरली ते सांगितलं नाही. ही चूक मुलांसमोर दुरुस्त करीन. पण ती तुम्हाला सापडली, कारण आकडा मांडलेला होता.

ताई, गोष्टीच्या गरजेबद्दल एक विचारतो. पुष्कळ कथांत यान दोन दिवसांत मंगळावर पोचतं. मंगळ अगदी जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरवर असताना अर्धी वाट १ जी त्वरणाने, म्हणजे पृथ्वीवर वस्तू खाली पडताना जसा वेग वाढतो तसा, वेग वाढवला, उरलेली अर्धी तसाच कमी केला, तर खरंच सुमारे ४२ तास लागतात. म्हणजे लेखकाने हवेत बाण मारलेला नाही. पण मधोमध वेग सेकंदाला ७३४ किलोमीटर होतो. १०० टनांच्या यानाला नुसता तेवढा वेग द्यायला कोयनेची पाच महिन्यांहून जास्त वीज लागेल. थांबायला परत तितकीच. इंधनाचं वजन अजून धरलेलंच नाही. ज्याच्याकडे असं इंजिन आहे त्याला तोफेची गरजच काय? मागून निघणारा झोत शत्रूकडे वळवला की झालं. हे कथेत कुणाच्याच लक्षात आलं नाही, तर वाचक म्हणून मला ते खटकतं.

कृष्णाकाठची

हे मात्र पटलं. असं इंजिन असलेल्या जगात बंदरं वस्तीपासून लांब असतील, यान चालवणाऱ्यावर पहारा असेल. त्यातून एक अख्खी कादंबरी निघेल. पण इथे तुम्ही एका यानाला त्याच्याच जगाचे नियम लावून बघताय. त्याला माझी ना कधीच नव्हती. दोन लेखकांच्या दोन जगांतली यानं आखाड्यात समोरासमोर उतरवायची, तर नियम कुणाचे? एकीकडे ढाल आहे, दुसरीकडेही ढाल आहे, आणि दोन्ही ढाली कशाच्या आहेत हे त्या लेखकांनाही ठाऊक नाही. तिथे तुमचं ज्यूल लागू पडत नाही, सर.

जिन्यातला दुसरा

सर, मी एंटरप्राइझवाला. ३७ तास ऐकून परवा घरी जाऊन जेवलो नव्हतो, म्हणून फिटरकाकांचे आभार. पण माझी शंका वेगळी आहे. २० मीटर कुठून आणलेत? व्यास दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते. स्टार डिस्ट्रॉयर १६०० मीटर लांब सांगतात, म्हणून काल रात्री सिनेमा थांबवून पडद्यावर पट्टी लावली आणि यानाच्या लांबीवरून दगड मोजायला घेतला. पण दगड कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर तो आहे त्यापेक्षा मोठा मोजला जाणार. दगड यानाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे चित्रावरून कसं ठरवायचं? उद्या क्लासला पाऊण तास आधी आलो तर चालेल का?