साडेचार महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडाला वास

प्रश्न: बोका, वजन पावणेदोन किलो. आठवडाभर तोंडाला कुजकट वास येतोय. खातो व्यवस्थित. घरातलीच टूथपेस्ट लावली तर चालेल का? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर १: टूथपेस्ट नको. मांजर चूळ भरत नाही, फ्लोराइड पोटात जातं. या वयात दुधाचे २६ दात पडून कायमचे ३० येत असतात. हिरडी जरा लाल, थोडा वास, हे चालायचंच. ओठ वर करून सुळे बघा. जुन्या सुळ्याला खेटूनच नवा आला असेल तर त्या फटीत अन्न अडकून कुजतं. सहा महिन्यांनंतरही जुना हलत नसेल तर डॉक्टरांकडून भूल देऊन काढून घ्या.

उत्तर २: जिभेखालीही बघा. उत्तरायणानंतर गच्चीवर मांजा पडलेला असतो, तो जिभेच्या मुळाशी अडकतो. दिसला तरी ओढायचा नाही, दुसरं टोक पोटात गेलेलं असेल तर आतडं कापलं जातं! तसंच डॉक्टरांकडे न्या. जिभेवर फोड, लाळ, शिंका असतील तर कॅलिसीव्हायरस या मांजरांच्या विषाणूची शंका. वास अमोनियासारखा असेल तर मूत्रपिंडासाठी रक्त तपासा. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल? अजिबात नाही, मांजर मरतं.

उत्तर ३: दात बदलताना ब्रश लावू नका, दुखलं की कायमचं बिथरतं. तोवर बोटाला ओलं मलमलचं फडकं गुंडाळून दातांच्या फक्त बाहेरच्या बाजूने फिरवा, एका बाजूला दहा-पंधरा सेकंद पुरे. नंतर मांजरांचीच पेस्ट, वाटाण्याएवढी.